दर्शन झालं, आता जेवायचं कुणाकडं?

बीड जिल्ह्यातला माणूस फिरायला जात नाही. फिरायला जाणं हा पुण्याच्या लोकांचा उद्योग आहे, असं त्याचं स्पष्ट मत असतं. तो दर्शनाला जातो, सोयरीक बघायला जातो, जावळाला जातो, सावडायला जातो आणि कुणाला म्हैस विकत घ्यायची असली तर ती बघायलाही गाडीभर माणसं घेऊन जातो. या सगळ्या जाण्यायेण्यात डोंगर लागतो, धबधबा दिसतो, एखादा किल्ला आडवा येतो. पण ‘आम्ही किल्ला बघायला गेलतो’ असं कबूल करणारा धारूरकर सापडणं कठीण. तो म्हणेल, ‘तिकडं काम होतं, येताना थांबलाव जरा.’

कामाला मात्र तोटा नाही. जिल्ह्यात तालुके ११ आणि देवस्थानं अगणित. बीड शहरातून सकाळी निघून दिवेलागणीला परत यायचं म्हटलं, तर लिंबागणेशचा भालचंद्र गणपती आहे, नामलगावचा आणि नवगण राजुरीचा गणपती आहे, कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, ‘धाकटी पंढरी’ म्हणून मान मिळालेला नारायणगड आहे. वर्षभर दर रविवारी वेगळा देव गाठायचा ठरवलं तरी पुढच्या वर्षासाठी यादी शिल्लक राहील. उत्तरेला गोदावरी, जिला इथं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात आणि तिच्या काठाला गंगथडी. मधून बालाघाटाची रांग. म्हणजे देव एक तर नदीच्या काठी नाही तर घाटाच्या वर. दोन्हीकडं जाताना भूक लागते, हे महत्त्वाचं.

म्हणून आदल्या रात्रीच घरात धपाट्यांची तयारी सुरू होते. ज्वारीचं पीठ, त्यात बेसन आणि थोडी कणीक, वाटलेला लसूण, मिरची, ओवा, तीळ, मूठभर कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेला धपाटा दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशीही कुणी नाही म्हणत नाही. सोबत उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी, आणि स्टीलच्या डब्यात दही. हा दह्याचा डबा प्रत्येक सहलीत सांडतो. झाकण बदला, रबर लावा, वरून फडकं बांधा. मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत दही कुणाच्या तरी पँटवर पोचलेलं असतं.

‘आवो, माणसं सात आन् धपाटे चाळीस कशाला?’ असं घरातला कर्ता विचारतो.

‘राहू द्या, वाटंत लागतेत,’ असं उत्तर मिळतं. आणि खरंच लागतात.

देवाचं निमित्त आणि जेवणाचा बेत या जोडीला या जिल्ह्यात फार मोठा आधार आहे. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रात पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथाचं हे मोठं तीर्थ, आत्मतीर्थ. श्रद्धा अशी की श्रीदत्तात्रेय प्रभू रोज माहूरला निद्रा घेतात, काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि भोजनाला पांचाळेश्वरला येतात. आता हा दिनक्रम नकाशा समोर ठेवून बघावा. सबंध देशात पाय ठेवायला जागा मोकळी, आणि दुपारच्या जेवणासाठी निवड कुणाची झाली, तर बीड जिल्ह्याची. भिक्षा कोल्हापुरात मागायची आणि ती खायला मात्र इतकं अंतर तोडून गंगथडीला यायचं, या व्यवस्थेवर कोल्हापूरकरांनी कधीतरी शांतपणे विचार करावा. एका दिवसात चार ठिकाणं करून रात्री मुक्कामाला परत, एवढा आटोपशीर बेत नंतर कुठल्याही यात्रा कंपनीला जमलेला नाही.

पांचाळेश्वरच्या जवळच राक्षसभुवन. इथं शनीचं जुनं देवस्थान आहे, त्यामुळं ज्यांची साडेसाती चालू आहे ते येतात आणि ज्यांची संपलीय तेही खात्री करून घ्यायला येतात. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव वेगळ्याच कारणानं आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथं थोरल्या माधवरावांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम अली स्वतः गोदावरी ओलांडून पलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे राहिला, नदीला पूर, आणि लढाईत विठ्ठल सुंदर मारला गेला. ऑगस्टात गंगेच्या काठी बेत आखताना पाण्याचा अंदाज घ्यावा, हे गंगथडीचा कुठलाही म्हातारा त्याला फुकट सांगू शकला असता.

दर्शन झालं, आरती झाली, उन्हं डोक्यावर आली. आता प्रश्न जेवणाचा, आणि इथंच परगावचा माणूस फसतो. त्याला वाटतं, बीडला आलोय तर बीडचं खाऊ. धुळे-सोलापूर महामार्गावर गाडी लावून तो ढाब्याची पाटी वाचतो: पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन. अगदी खाली, जागा उरली असेल तर, महाराष्ट्रीयन. कार्डात पनीरचे सतरा अवतार, काजू करी, मंचुरियन. फ्लेक्सवर थाळीचं जे छायाचित्र आहे ते कुठल्याशा इंटरनेटवरून उतरवलेलं; त्या थाळीतला एकही पदार्थ या जिल्ह्यात कधी शिजलेला नाही. भाबडेपणानं कुणी ‘पिठलं-भाकरी मिळंल का?’ विचारलं, तर वेटर त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघतो आणि एसी फॅमिली हॉलचा जिना दाखवतो. त्याच वेळी ढाब्याच्या मागं, कडूनिंबाखाली, आचारी आणि दोन पोरं पिठलं-भाकरी खात बसलेली असतात. वर बुक्कीनं फोडलेला कांदा. गिऱ्हाइकाला काजू करी.

जपानात नेमकं उलटं आहे. तिथं गावाचा पदार्थ हा गावाचा कायदेशीर वारस असल्यासारखा पहिल्याच फलाटावर उभा असतो. नागोया स्टेशनात गाडीतून उतरलं की फलाटावरच किशिमेन नावाच्या चपट्या शेवयांची टपरी; लोक उभ्या उभ्या भुरका मारून पुढची गाडी पकडतात. स्टेशनवर मिळणाऱ्या जेवणाच्या डब्याला ते एकिबेन म्हणतात. त्याची सुरुवात १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्टेशनावर झाली असं सांगतात. बांबूच्या सालीत गुंडाळलेले भाताचे दोन गोळे आणि सोबत मुळ्याचं लोणचं. आपल्याकडं फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा त्याहून शतकानुशतकं जुना असेल, पण तो विकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. नागोयाहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायची लोकांची आवडती जागा म्हणजे इसेचं मोठं देवस्थान. तिथं देवळाच्या वाटेवर आकाफुकु नावाचं दुकान १७०७ पासून कुटलेल्या चिकट तांदळाची, वरून गोड वाटलेल्या डाळीचं सारण थापलेली मिठाई विकतंय. देव, वाट आणि वाटेवरचं गोड. हिशेब अगदी आपलाच. फरक एवढाच की त्यांनी दुकान काढलं आणि आपण म्हटलं, ‘विकायचं काय त्यात? घरी या की.’

ही ‘घरी या की’ची भानगड बीडची खरी खाद्यव्यवस्था आहे. बीडचं चांगलं जेवण विकत मिळत नाही, ते नात्यानं मिळतं. बीडच्या बसस्थानकावर समोसा, वेफर आणि पाण्याची बाटली मिळते. येसराची आमटी मिळत नाही. सकाळी फार तर एखाद्या गाड्यावर सुशीला मिळेल. भिजवलेले मुरमुरे, हिरवी मिरची, डाळ्याचं कूट, कांदा, लिंबू, असा हा मराठवाड्याचा नाष्टा. पण तोही हल्ली पोह्यांच्या मागं तोंड लपवून असतो. शेंगोळे खायचे असतील तर मावशी पाहिजे. मावशी नसेल तर मावशीची जाऊ चालते. तीही नसेल तर गाडीतला एक जण आठवायला लागतो: ‘थांबा थांबा, आपल्या तात्याच्या साडूची पोरगी हितंच दिलीय.’ गाडी महामार्ग सोडून आत वळते.

यापुढचा कार्यक्रम ठरलेला. पाहुणे म्हणतात, ‘बसायचं न्हाई, नुसतं भेटून जावं म्हटलं.’ यजमान म्हणतात, ‘चहा तर घेताव का न्हाई?’ पाहुणे म्हणतात, ‘चहा टाका, पण अर्धा.’ चहा येईपर्यंत पावसाची, कापसाच्या भावाची आणि कुणाच्या तरी सुटलेल्या बटाईची चर्चा होते. तेवढ्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागतो. तो आवाज ऐकला की निकाल लागला. आता उठून जाणं म्हणजे तीन पिढ्यांचं वैर. तरीही पाहुण्यानं नाही म्हणायचं असतं, एकदा नव्हे तीनदा, आणि तिसऱ्या नकाराबरोबर पायातल्या चपला काढायच्या असतात.

ताट येतं आणि त्यासोबत यजमानांचं नेहमीचं वाक्य येतं, ‘काय न्हाई, साधंच केलंय.’ साधं म्हणजे ज्वारीची भाकरी, थंडी असेल तर बाजरीची, वाफाळलेले हुलग्याचे शेंगोळे, ज्यांच्या रश्श्यात लसूण हातचं न राखता पडलेला आहे, काटेरी वांग्याची भाजी, खरडा, आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून, काळ्या मसाल्यासकट दळून ठेवलेली पूड. चार चमचे पाण्यात कालवले, फोडणी दिली, उकळी आणली की वीस माणसांची आमटी होते. अचानक आलेल्या पाहुण्यांचा अनुभव घेतलेल्या कुठल्या तरी शहाण्या बाईनंच हा शोध लावला असणार. चाळीस धपाटेही आता गाडीतून उतरतात आणि यजमानांच्या पोरांच्या हवाली होतात. बदल्यात निघताना पाहुण्यांच्या गाडीत शेंगांची पिशवी, एक भोपळा आणि, दिवस बरे असतील तर, तुपाची बरणी चढते. या देवाणघेवाणीची पावती नसते, पण हिशेब दोन्हीकडच्या बायकांच्या डोक्यात पक्का असतो आणि पुढच्या दिवाळीत तो चुकता होतो.

जिल्ह्याच्या दोन टोकांचं ताट मात्र एक नाही. आष्टी-पाटोद्याकडं बोलणंही नगरी आणि रस्साही नगरी वळणाचा. परळी-अंबाजोगाईकडं गेलं की दोन्ही गोष्टी लातूरच्या बाजूला झुकतात. दोन्ही बाजू दुसऱ्या बाजूच्या आमटीला पाणचट म्हणतात. याबाबतीत मध्यस्थी करायला कुणी जाऊ नये.

आता पाणी. दुष्काळी म्हणून प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात लोक हौसेनं काय बघायला जातात, तर पाणी बघायला. ज्या वर्षी पाऊस बरा होतो त्या वर्षी बीडजवळ पालीचा बिंदुसरा तलाव भरतो आणि सांडव्यावरून पाण्याची चादर वाहायला लागते. ही बातमी वर्तमानपत्रात यायच्या आधी प्रत्येक मोबाइलवर पोचलेली असते. मग दुचाकीवर नवरा-बायको, मध्ये एक पोरगं आणि टाकीवर दुसरं, अशी कुटुंबंच्या कुटुंबं पालीकडं निघतात. धरणाच्या बाजूला मक्याची कणसं भाजली जातात, भजी तळली जातात. तिथं उभा राहून बीडकर त्या पाण्याकडं ज्या नजरेनं बघतो, ती नजर गोव्याच्या समुद्राला कधी मिळाली नसेल. गोव्याचा समुद्र दर वर्षी असतोच. चादरीचं तसं नसतं.

शहरातलं कंकालेश्वराचं देऊळ बघायला गेलं तर तेही कुंडाच्या मधोमध, चारी बाजूंनी पाणी. शहराबाहेरची खजाना विहीर म्हणजे तर सगळ्यांवर कडी. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं ती बांधवली, आणि तिचं पाणी जमिनीखालच्या नहरांतून, कुठलीही मोटार न लावता, बलगुजारच्या शिवाराला मिळत आलं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडे लावून उभा राहिलेला नागरिक पाहुण्यांना कौतुकानं ही विहीर दाखवायला नेतो आणि म्हणतो, ‘बघा, वीजबिल शून्य.’ त्याच्या आवाजात अभिमान जास्त की असूया, हे ओळखणं अवघड.

सौताड्याचा धबधबा पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या वाटेवर. विंचरणा नदी तिथं खोल दरीत उडी घेते आणि खाली रामेश्वराचं देऊळ आहे, म्हणजे इथंही दर्शनाची सोय झाली. कपिलधारलाही पावसाळ्यात धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी एकाच ठिकाणी, त्यामुळं पोरं धबधब्याखाली भिजतात आणि म्हातारी माणसं ‘आधी दर्शन, मग आंघोळ’ की ‘आधी आंघोळ, मग दर्शन’ यावर वाद घालतात. कार्तिकी पौर्णिमेला मात्र तिथं लिंगायत समाजाची मोठी यात्रा असते, तेव्हा सहलीला जाणाऱ्यानं गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडावी. नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं. तिथं जाऊन आलेल्या बहुतेकांनी मोर ऐकलेला असतो. दिसलेला असतो तो येताना, कुणाच्या तरी हरभऱ्यात.

पूर्वेकडं निघालं की अंबाजोगाई आणि परळी ही जोडी लागते. अंतर पंचवीसेक किलोमीटर, पण यांच्यात जे घडलं ते पंचवीस किलोमीटरमुळंच. योगेश्वरी देवी मूळची कोकणची, कोकणस्थांची कुलदेवता. कथा अशी की तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, अंबाजोगाईपर्यंत आलं आणि तिथं मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले; ते हत्तीखान्याच्या लेण्यांत अजून दाखवतात. देवी कुमारीच राहिली आणि तिथंच राहिली. कोकणातून सह्याद्री ओलांडून, अर्धा महाराष्ट्र तुडवून आलेलं वऱ्हाड शेवटच्या पंचवीस किलोमीटरला अडकलं, हे कुठल्याही मराठवाडी माणसाला पटकन पटतं. त्यानं स्वतः साडेबाराचा मुहूर्त असलेली लग्नं साडेतीनला लागताना पाहिलेली असतात, आणि तीही दगड न होता. फरक असा की त्या लग्नांत वाट बघणाऱ्यांचं जेवण आधी उरकून घेतात.

अंबाजोगाईत देवीखेरीज बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिथला माणूस ते सगळं दाखवल्याशिवाय सोडत नाही. शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी इथं. ज्या दासोपंतांना कागद पुरेना म्हणून त्यांनी कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्यांचंही गाव हेच. अंबाजोगाईकर हे सांगताना मराठी भाषा आमच्याच घरातून निघाली असा सूर लावतो. त्याला आळंदी-नेवाशाचा दाखला देऊ नये, जेवण लांबतं.

खुद्द परळीत दर्शन झालं की दोन वाद ऐकायला मिळतात. पहिला, ज्योतिर्लिंग परळीचं की झारखंडातल्या देवघरचं. दुसरा, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवळाच्या पायऱ्या नेमक्या किती. पहिल्या वादात परळीकर शास्त्र काढतात. दुसऱ्यात गुडघे धरून बसलेल्या आत्याबाई काढतात तो आकडाच अंतिम मानतात.

दर तिसऱ्या वर्षी जिल्ह्यात आणखी एक सहल अटळ होते, आणि तिचा नायक जावई असतो. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. इथं भगवान पुरुषोत्तमाचं देऊळ आहे आणि अधिक महिन्याची देवता तीच, म्हणून अधिक मासात महिनाभर यात्रा. या गावी यादव राजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपटही सापडला, त्यामुळं गावाचं वय काढायला ज्योतिषी लागत नाही. भाविक गंगेत आंघोळ करतात आणि पुरणाचे धोंडे देवाला दाखवतात. घरोघरी याच महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस धोंडे, अनारसे किंवा बत्तासे आणि वर दिवा, असं वाण द्यायची रीत आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तो तरी पावसाळी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. माजलगावच्या उन्हाचा तो ऐन महिना, पारा चाळिशीच्या वर, आणि सासूबाई समोर पुरण घेऊन उभ्या. दाजींनी पहिला धोंडा कौतुकानं खावा, दुसरा प्रेमानं, तिसऱ्यावर तूप नको म्हणावं. चौथ्यापासून पुढं जे होतं त्याला या भागात पाहुणचार म्हणतात. जावयाला सोन्याची अंगठी मिळते ती याच श्रमाची मजुरी, असं काही अनुभवी दाजींचं म्हणणं आहे.

देवळांची यादी इतकी लांबली म्हणून बीडचं ताट शाकाहारी आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. कुणाचा नवस फिटला की पिराच्या दर्ग्याला कंदुरी होते. बोकड कापलं जातं, माळावर चुलवण पेटतं, मोठ्या पातेल्यात लाल रस्सा रटरटतो आणि निमंत्रण तोंडी फिरतं: ‘सांच्याला कंदुरीला या.’ नवस बोलणारा हिंदू असू शकतो, पीर मुसलमान असतो, बोकडाला कुणी विचारत नाही. कंदुरीत चमचा मागणं हा गुन्हा. भाकरी ताटात चुरायची, मध्ये खळं करायचं, त्यात रस्सा ओतून घ्यायचा आणि मान वर न करता संपवायचं. एरवी आहाराचं वेळापत्रक पाळणारा सरकारी अधिकारी इथं मांडी घालून तिसऱ्यांदा रस्सा मागताना दिसतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात ताक पितो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या रस्त्यांवर सीताफळांच्या पाट्या लागतात. ‘बीड सीताफळ’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं ‘धारूर-६’ नावाचं वाण दिलं. नाव ऐकून एखाद्या बसमार्गाचा क्रमांक वाटतो, पण फळ नामी आहे. सीताफळ हे सहलीला सगळ्यात गैरसोयीचं फळ. पाटी घेताना सगळी कच्ची, गाडीत सगळी कच्ची, आणि घरी पोचून एक रात्र गेली की सगळी एकदम पिकलेली. मग शेजाऱ्यांना वाटावी लागतात. शेजारी म्हणतात, ‘आमचीबी आत्ताच पिकलीत.’ चालत्या गाडीत ते खाणं तर अशक्यच. एका हातात फळ, दुसऱ्या हातात बिया आणि तोंडात गर असताना पोलिसानं गाडी अडवली तर कागदपत्रं कुणी काढायची?

थंडी पडली की हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायची आणि गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी यांच्याबरोबर खायचा. गूळभेंडी वाण असेल तर गुळाचीही गरज नाही. अलीकडं मोठ्या रस्त्यांच्या कडेला ‘हुरडा पार्टी’चे फलक लागतात, माणशी अमुक रुपये, झोके आणि बैलगाडीची फेरी मोफत. गावाकडचा माणूस हे फलक वाचून बराच वेळ काही बोलत नाही. हुरड्याला पैसे द्यायचे हे त्याला उमगत नाही, आणि बैलगाडीत बसायला कुणी मुद्दाम येतं हे बैलालाही उमगलेलं नसतं. अंबाजोगाई-परळीकडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या होते. त्या दिवशी गावं ओस आणि शिवारं गजबजलेली. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. ओले वाटाणे, तुरीचे दाणे, शेंगदाणे आणि हाताला लागतील त्या भाज्या बेसनाच्या पिठात शिजवलेली घट्ट भाजी. तालुक्याच्या गावात त्या दिवशी काम काढून गेलेल्या माणसाला दुकान उघडं मिळत नाही. पण कुठल्याही बांधावरून ‘या की जेवायला’ अशी हाक मात्र येतेच.

आणि ज्याला कुणी सहल म्हणणार नाही असाही एक प्रवास याच जिल्ह्यातून दर वर्षी निघतो. पावसाळा सरला की लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. सांगली, कोल्हापूर, बारामती, बेळगाव ही गावं त्यांना उसाच्या फडातून माहीत असतात, आणि भाकरी पहाटे तीनला थापलेली असते. महाबळेश्वरला जाऊन आलेल्या बीडकरापेक्षा वाईच्या रस्त्यावरचे खड्डे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलेल्या या माणसाला जास्त ठाऊक आहेत. तो परत आल्यावर प्रवासवर्णन लिहीत नाही. लिहिलं असतं तर मराठीतल्या अर्ध्या प्रवासवर्णनांचं तोंड बंद झालं असतं.

राहता राहिली रेल्वे. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये. त्या वेळी ज्यांची मुंज झाली त्यांची मुलं कॉलेजात गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी नगरहून आष्टीपर्यंत आली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोचली. लोकांनी तिला हार घातले, इंजिनाबरोबर फोटो काढले, कित्येक आजोबांनी नुसता फलाट बघायला नातवाचा खांदा धरला. जपानात नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी २० सेकंद लवकर सुटली म्हणून कंपनीनं जाहीर माफी मागितली होती. बीडची गाडी तीस वर्षं उशिरा आली आणि बीडकरांनीच तिची ओवाळणी केली.

या गाडीनं एका दिवसाची सहल करता येईल का, हा प्रश्न साहजिकच निघाला. गाडी सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक असं, की ती सकाळी नगरहून निघणार, साडेपाच तासांनी दुपारी बीडला टेकणार आणि थोड्याच वेळात परत फिरणार. म्हणजे नगरकराला बीडमध्ये मिळाला जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात कंकालेश्वरही होत नाही आणि आमटीला उकळीही येत नाही. बीडकराचं मात्र वेगळं. तो दुपारी बसला की संध्याकाळी नगरला उतरणार आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे मुक्काम करणं भागच. तेव्हा नगरमध्ये ज्यांच्या घरात बीडची सून आहे, त्यांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास पीठ मळायला घ्यावं. पाहुणे आधी म्हणतील, नुसतं भेटायला आलाव.